शेतमजुरातला 'शे'

"ताई, मी शेतमजूर नही, तर मंग कोन शे मी?"

कम्प्युटर रूमच्या खिडकीबाहेर उभा असलेला माणूस मला विचारत होता. डोक्यावर टोपी, हातात तलाठ्याचा दाखला, शेजारी बारावी पास झालेली मुलगी. दाखला त्याने खिडकीच्या गजांतून आत सरकवला आणि माझ्याकडे बघत राहिला. मुलीचं नाव सुमन. शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातून दोघं सकाळच्या एसटीने धुळ्याला आले होते. सुमनच्या वडिलांना गावात सगळे आबा म्हणत, ती स्वतःही आबाच म्हणत होती. म्हणून मीही त्यांना आबाच म्हणते.

नव्वदच्या सुमाराची गोष्ट आहे. धुळ्यातल्या एका शिक्षणसंस्थेत मी प्रोग्रॅमर होते. संस्थेचं नर्सिंगचं ट्रेनिंग स्कूल होतं आणि त्याच्या प्रवेशाची यादी त्या दिवशी बोर्डावर लागली होती. शेतमजुरांच्या मुलींसाठी काही जागा राखून ठेवायच्या, अशी अट मान्यता मिळताना संस्थेवर घातलेली होती. यादीत त्या जागांसमोर लिहिलं होतं, 'पात्र उमेदवार नाही'. त्याखाली बारीक अक्षरांत, 'रिक्त जागा व्यवस्थापन कोट्यात वर्ग'.

म्हणजे अख्ख्या जिल्ह्यात शेतमजुराची एकही मुलगी अर्ज करायला आली नाही, असं आमच्या कम्प्युटरचं म्हणणं होतं. आणि त्या जागांवर कोण आलं? नावं वाचली तरी कळत होतं. एक बाजार समितीतल्या पुढाऱ्याची पुतणी, एक संस्थेच्या कॉन्ट्रॅक्टरची मुलगी, अशीच बाकीची.

"मॅडम, बोर्डावर सगळ्यांचे मार्क लिहिलेत," सुमन पहिल्यांदाच बोलली. शाळेत शिकलेलं, जपून वापरलेलं मराठी. "व्यवस्थापन कोट्यातल्या सगळ्या मुलींपेक्षा माझे जास्त आहेत. मग माझं नाव का नाही?"

"फॉर्ममध्ये वडिलांचा धंदा काय लिहिला होतास?"

"शेतमजूर. दाखलापण जोडला होता."

"पोरनी बठ्ठा कागद बराबर लावेल व्हतात," आबा म्हणाले. "आते तठला बाबू म्हने, कम्प्युटरनी काढी टाकं. कम्प्युटरले मी काय सांगू, ताई?"

मी त्यांना व्हरांड्यातल्या बाकावर बसायला सांगितलं आणि मशीनसमोर येऊन बसले. माझं डोकं तिथेच तापलं होतं. कारण काढून टाकणारा तो कम्प्युटर माझ्या ताब्यात होता, आणि तो प्रोग्रॅम मी लिहिलेला होता.

पहिल्यांदा डेटा बघितला. सुमनचा फॉर्म कुणी चुकीचा तर भरला नाही ना? नव्हता भरला. नाव बरोबर, मार्क बरोबर. आमच्या मशीनवर तेव्हा देवनागरी नव्हती, सगळं रोमन अक्षरांत टाइप करायचो. धंद्याच्या रकान्यात स्वच्छ लिहिलं होतं, SHETMAJUR. तिच्यासारख्या आणखीही मुली सापडल्या. कुणी साक्रीकडची, कुणी शिंदखेड्याची. सगळ्या शेतमजुरांच्या, सगळ्या पास झालेल्या, आणि यादीत एकही नाही.

म्हणजे गडबड प्रोग्रॅममध्ये. इथे मला थोडं मागे जाऊन सांगावं लागेल.

कम्प्युटरला माणसाची भाषा कळत नाही. प्रोग्रॅमर जो मजकूर लिहितो त्याला सोर्स म्हणतात. तो इंग्रजीसारख्या दिसणाऱ्या आज्ञांचा असतो. कम्पायलर नावाचा दुसरा एक प्रोग्रॅम तो सोर्स वाचतो आणि मशीनला चालवता येईल असं रूप त्याला देतो. कम्पायलर महाहट्टी. त्याला IF म्हटलेलं कळतं. 'जर' म्हटलं की तो एरर देऊन मोकळा होतो. पण यावर एक युक्ती आहे. सोर्स कम्पायलरच्या हातात पडण्याआधी मध्ये आपला एक छोटा प्रोग्रॅम उभा करायचा. 'जर' दिसला की त्याने तिथे IF लिहायचं, 'नाहीतर' दिसलं की ELSE. कम्पायलरला वाटतं सगळं त्याच्याच भाषेत आलंय. या मधल्या प्रोग्रॅमला प्रीप्रोसेसर म्हणतात. कम्पायलरला हातही न लावता भाषेत आपले शब्द घुसवण्याची ही सोय आहे.

मला ही सोय करावी लागली ती प्रवेश विभागामुळे. प्रवेशाचे नियम दर वर्षी बदलत. दर वर्षी तिथला क्लार्क माझ्याकडे येई, मी प्रोग्रॅम बदलून देई, आणि मी नियम बरोबर समजून घेतलाय की नाही हे त्याला कधीच कळत नसे. मला ते पटत नव्हतं. नियम ज्याला माहीत आहे त्याला तो वाचता आला पाहिजे. म्हणून मी प्रीप्रोसेसर लिहिला. त्यात IF ऐवजी JAR, ELSE ऐवजी NAHITAR, आणि = या बरोबरच्या चिन्हाऐवजी AAHE. फाईलच्या नावापुढे मी KHN लावायचे, खान्देशी म्हणून. क्लार्क माझ्या शेजारी बसून नियम वाचायचा आणि चूक असेल तर सांगायचा. काम छान चाललं होतं.

मग ही बातमी नानासाहेबांच्या कानावर गेली. नानासाहेब म्हणजे संस्थेचे चेअरमन. कम्प्युटर आपली भाषा बोलतो, हे पाहुण्यांना दाखवायला किती झकास! ते स्वतः कम्प्युटर रूममध्ये आले. सोबत आमचे ईडीपी मॅनेजर चौधरी साहेब. ईडीपी म्हणजे त्या काळात कम्प्युटर खात्याला म्हणायचे. चौधरी साहेब जळगावचे, पुण्यात कोर्स केलेले, आणि नानासाहेब हसले की त्यांच्या आधी हसणारे.

"हे AAHE काय ठेवलंय?" नानासाहेबांनी स्क्रीनवर बोट टेकवलं.

"आहे, सर. बरोबरच्या चिन्हासाठी."

"आहे तिकडे पुण्याकडे म्हणतात. आपण खान्देशी माणसं. 'शे' टाका."

"सर, शे फार छोटा शब्द आहे. दुसऱ्या शब्दांच्या पोटात सापडतो. गोंधळ होईल."

"म्हणजे? आपली भाषा छोटी शे का?"

सगळे हसले. चौधरी साहेब सगळ्यात मोठ्याने हसले.

मला 'शे'बद्दल काही वाईट वाटत नव्हतं. माझी आजी जन्मभर 'शे'च म्हणत आली. मला राग आला तो वेगळ्या गोष्टीचा. घरी 'शे' म्हणणाऱ्या माणसांशी हेच नानासाहेब ऑफिसात इंग्रजी झाडायचे आणि पाहुणे आले की त्यांना खान्देशीचा पुळका यायचा. पण हुकूम तो हुकूम. मी 'शे' टाकला आणि तो टाकताना दोन पहारे बसवले. एक, SHE हा शब्द सुटा आला तरच बदलायचा. दुसऱ्या शब्दाला चिकटून आला तर सोडायचा. दोन, अवतरणचिन्हांच्या आत काहीही असो, त्याला हात लावायचा नाही. अवतरणात जे असतं ते आज्ञा नसते. ते कुणाचं तरी नाव असतं, गाव असतं, धंदा असतो. ते लिहिलं तसंच राहायला हवं.

क्लार्कने वाचून बरोबर म्हटलेली ओळ अशी होती:

JAR DHANDA SHE "SHETMAJUR"

म्हणजे, जर धंदा शेतमजूर असेल तर. माझा प्रीप्रोसेसर तिची अशी करायचा:

IF DHANDA = "SHETMAJUR"

पहिला SHE सुटा, तो बदलला. दुसरा शेतमजुरातला, तोही अवतरणात, तो राहिला. पाहुण्यांना हे दाखवण्यासाठी ठेवलेल्या कार्यक्रमाच्या आधी मी हे पुन्हा पुन्हा तपासलं होतं.

कार्यक्रम झाला. पाहुणे आले, हार झाले, नारळ फुटला. नानासाहेबांनी एंटर दाबलं आणि मशीन विचार करत बसलं. माझा प्रीप्रोसेसर एकेक अक्षर बघत पुढे जायचा, म्हणून हळू होता. ते मशीनही काही फार जलद नव्हतं. पाहुणे घड्याळाकडे बघायला लागले. कुणीतरी म्हणालं, "सरकारी कम्प्युटर दिसतोय." नानासाहेबांनी चौधरी साहेबांकडे असं पाहिलं की तेवढ्यात त्यांचा शर्ट घामाने पाठीला चिकटला. शेवटी स्क्रीन हलला, टाळ्या पडल्या आणि चहा आला. मला वाटलं विषय संपला.

नंतर माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी मी सुट्टी घेऊन चाळीसगावला गेले. परत आले तेव्हा प्रवेशाचं काम चौधरी साहेबांनी स्वतः उरकलेलं होतं. "तुमच्यासाठी थांबलो नाही," ते म्हणाले. मी आभारसुद्धा मानले. आणि त्याच सकाळी यादी बोर्डावर लागली.

आता पुन्हा त्या दुपारकडे येते. बाहेर बाकावर आबा आणि सुमन बसलेले, आत मी. KHN फाईल उघडली. ओळ बरोबर, SHETMAJUR बरोबर. मग मशीन असं वेड्यासारखं का वागलं?

तेव्हा लक्षात आलं की मी लिहिलेलं वाचतेय. मशीनने वाचलेलं मी वाचलेलंच नाही. प्रीप्रोसेसर एक मधली फाईल तयार करतो. कम्पायलर वाचतो ती मधली फाईल. काम झालं की ती फाईल आपोआप पुसली जायची, कारण डिस्क छोटी आणि जागेची मारामार. मी पुसण्याची आज्ञा काढून टाकली आणि सगळं पुन्हा चालवलं. मधली फाईल उघडली. त्यात ओळ होती:

IF DHANDA = "=TMAJUR"

शेतमजुरातला 'शे' कापून तिथे बरोबरचं चिन्ह बसवलं होतं. कम्प्युटर अख्ख्या जिल्ह्यात असा बाप शोधत होता ज्याचा धंदा 'बरोबर-तमजूर' आहे. असा माणूस जगात कुठे नाही. मग उत्तर काय येणार? पात्र उमेदवार नाही.

कम्पायलरने तक्रार का केली नाही, असं कुणी विचारेल. अवतरणाच्या आत काय लिहिलंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. तिथे तुम्ही शिवी लिहा, तो गुपचूप पुढे जातो.

प्रीप्रोसेसरचा सोर्स उघडला. माझे दोन्ही पहारे गायब. दिसला 'शे' की बदल, एवढंच उरलं होतं. अर्थात तो आता झपाझप पळत होता.

पण माझ्या डोक्यात खरी तिडीक गेली ती पुढची गोष्ट सापडल्यावर. प्रवेशाच्या प्रोग्रॅममध्ये मार्कांच्या टक्क्यांसाठी मी SHEKADA असं नाव वापरलं होतं. आता तिथे TAKKE होतं. कुणी बदललं आणि का? सरळ होतं. पहारे काढल्यावर SHEKADA चं =KADA झालं असणार. ते अवतरणात नव्हतं, म्हणून कम्पायलर ओरडला असणार. म्हणजे पहारे काढणाऱ्या माणसाने डोळ्यांनी बघितलं होतं की 'शे' शब्दांच्या पोटातून कापला जातोय. बघितलं, ते एक नाव बदललं, आणि घरी गेला. आणखी कुठे कापला गेला असेल, हे बघायची तसदी घेतली नाही.

प्रिंटर लावला आणि दोन्ही फाईलींतली ती ओळ एकाखाली एक छापली. कागद फाडून घेतला आणि चौधरी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. दार वाजवलं नाही.

"हे कुणी केलं?"

त्यांनी कागद पाहिला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "बसा ना."

"मी उभी बरी आहे. प्रीप्रोसेसरमधले चेक कुणी काढले?"

"अहो, पाहुण्यांसमोर काय नाचक्की झाली, तुम्ही बघितलीत. स्पीड नको का? आणि अवतरणं तपासत बसायची गरज काय?"

"SHEKADA चं TAKKE का केलंत?"

"एरर आली होती."

"एरर का आली होती?"

त्यांनी समोरच्या फाईली नीट रचायला घेतल्या. मी पुन्हा विचारलं. माझा आवाज चढला होता आणि बाहेरच्या टाइपरायटरची टकटक थांबली होती.

"तुम्हाला कळलं होतं," मी म्हणाले. "एका ठिकाणी कापलं म्हणजे सगळीकडे कापणार, एवढं कळायला पुण्याला जावं लागत नाही. तुम्ही बघितलं नाहीत कारण तुम्हाला बघायचं नव्हतं."

"असं बोलू नका. झाली चूक. पुढच्या वर्षी दुरुस्त करून टाकू शांतपणे."

"आणि या वर्षीच्या मुली?"

"यादी लागली आता. नानासाहेबांची सही झालीय." मग आवाज खाली करून म्हणाले, "आणि खरं सांगू का? वर कुणाची तक्रार नाहीये."

वर कुणाची तक्रार नाही! असणार कशी? राखीव जागा आयत्या मोकळ्या झाल्या होत्या, तेही कुणाचा हात न लागता. ज्यांना त्या द्यायच्या होत्या त्यांना त्या दिल्या गेल्या होत्या. चूक झाली तेव्हा ती चूक होती, हे मी मानते. पण यादी समोर आल्यावर, एकाही शेतमजुराची मुलगी नाही हे दिसल्यावर, कुणाच्या कपाळावर आठीसुद्धा पडली नाही. तिथून पुढे तिला चूक म्हणायला मी तयार नव्हते. आजही नाही.

नानासाहेबांकडे मी गेले तेव्हा चौधरी साहेब माझ्या मागोमाग आले. नानासाहेबांनी कागद उलटा धरला, मग सुलटा केला.

"हे काय शे?"

मी सांगितलं. सोप्या भाषेत, आता इथे सांगितलं तसंच. त्यांना समजलं. माणूस अजिबात मंद नव्हता.

"मॅडम, यादी कम्प्युटरने काढली. त्यात माणसाचा हात नाही. हेच आपण सगळ्यांना सांगितलंय."

"हात आहे, सर. कम्प्युटरच्या आधी आहे. नियम लिहिला एक आणि त्याला वाचायला दिला दुसरा."

"आता ते बदललं तर लोक म्हणतील संस्थेने घोळ घातला."

"घातलाच आहे."

ते खुर्चीत मागे रेलले. माझ्याकडे नीट बघितलं. "तुमचीही नेमणूक राखीव जागेतलीच ना, मॅडम? म्हणून एवढं लागलंय का तुम्हाला?"

चौधरी साहेब खिडकीबाहेर बघायला लागले. हा प्रश्न मला आयुष्यात बऱ्याच लोकांनी बऱ्याच तऱ्हांनी विचारलाय, बहुतेकांनी न बोलता. माझे वडील भुसावळला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होते. ते विहारातल्या सभेत एकच सांगायचे, कुणी असं विचारलं तर मान खाली घालायची नाही.

"हो, राखीवच," मी म्हणाले. "त्या वेळी यादी करणाऱ्याने माझ्या बापाचं नाव कापलं नाही, म्हणून मी इथे उभी आहे."

मग मी मुद्द्यावर आले. ही यादी सरकारी कार्यालयात पाठवायची होती. सोबत एक प्रमाणपत्र लागायचं, निवड कम्प्युटरने नियमाप्रमाणे केली आहे, असं. त्याच्यावर प्रोग्रॅम सांभाळणाऱ्याची सही.

"त्याच्यावर मी सही करणार नाही," मी म्हणाले.

"नका करू. चौधरी करतील."

"जरूर करावी. फक्त या कागदावरही करावी. खाली लिहावं, की हा बदल मी केला." मी दोन ओळींचा कागद चौधरी साहेबांसमोर ठेवला आणि त्याच्यावर माझं पेन.

चौधरी साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पेन उचललं नाही. नानासाहेबांकडे बघितलं, कागदाकडे बघितलं, शेवटी म्हणाले, "साहेब, माझी सही नको. माझ्या पेन्शनला थोडीच वर्षं राहिलीत."

इतक्या वर्षांच्या नोकरीत त्या माणसाच्या भित्रेपणाने एकदाच कुणाचं भलं केलं, ते त्या दिवशी.

"करा दुरुस्त," नानासाहेब म्हणाले. आवाजात मघाचा रुबाब नव्हता, वैताग होता. "पण बाहेर एक शब्द जाता कामा नये."

दुरुस्ती करायला फारसं काही नव्हतं. माझे दोन पहारे मी परत बसवले, मधली फाईल उघडून ओळ न ओळ वाचली आणि मग प्रोग्रॅम चालवला. नवी यादी निघाली. शेतमजुरांच्या जागांवर मुली आल्या. सुमनचं नाव त्यांत सगळ्यात वर होतं. मी व्हरांड्यात गेले आणि दोघांना सांगितलं. आबांनी टोपी काढली, पुन्हा घातली. सुमनने विचारलं, "नक्की ना, मॅडम? परत कम्प्युटर काढून तर नाही टाकणार?" मी म्हणाले, "माझ्यासमोर तर नाही."

इथे संपली असती तर मी ही गोष्ट सांगत बसले नसते.

नवी यादी बोर्डावर लागली ती वेगळ्याच मथळ्याने. जुनी यादी तशीच. पुढाऱ्याची पुतणी तशीच, कॉन्ट्रॅक्टरची मुलगी तशीच. त्याखाली नवा कागद, 'मा. चेअरमन यांच्या विशेष प्रयत्नांतून शेतमजूर भगिनींसाठी वाढीव जागा'. वाढीव! नानासाहेबांनी कुठेतरी शब्द टाकून जागा वाढवून आणल्या होत्या. जुन्यांना हलवायचं नाही आणि वर दानशूर म्हणून मिरवायचं, असा तो हिशोब होता. संस्थेच्या अहवालात या सगळ्याला एकच नाव मिळालं, 'तांत्रिक अडचण'. तांत्रिक अडचण मशीनला येते. ही अडचण एका केबिनमध्ये बसत होती, तिला हुद्दा होता आणि दर महिन्याला पगार मिळत होता.

मुली हॉस्टेलवर राहायला आल्या त्या दिवशी छोटासा समारंभ ठेवला. नानासाहेब खान्देशीत भाषण करत होते. "ह्या बठ्ठ्या मन्या लेकी शेत," या सगळ्या माझ्याच लेकी आहेत, वगैरे. मग पालकांना एकेक करून पुढे बोलावलं. आबा गेले, वाकले आणि नानासाहेबांच्या पाया पडले. फोटो निघाला.

माझ्याने बघवेना. आबा खाली उतरल्यावर मी त्यांना जिन्याजवळ गाठलं.

"आबा, त्यांच्या पाया कशाला पडलात? कुणी मेहेरबानी केलेली नाही. ती जागा पहिल्यापासून सुमनचीच होती. यांनी ती काढून घेतली होती."

आबांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. मागे सुमन पत्र्याची पेटी उचलून हॉस्टेलच्या पायऱ्या चढत होती.

"माले माहीत शे, ताई," ते हळूच म्हणाले. "पन पोरले तीन वरीस आठेच ऱ्हानं शे."

आठेच म्हणजे इथेच, नानासाहेबांच्या छपराखाली. मी पायऱ्यांकडे गेले आणि सुमनच्या पेटीची एक कडी धरली.

पुढच्या महिन्यात माझी बदली संस्थेच्या लायब्ररीत झाली. पुस्तकांची कार्डं लिहायला. कम्प्युटरवर मराठी शब्द वापरायला बंदी आली, कारण अहवालात त्या 'तांत्रिक अडचणी'चा दोष भाषेवर ढकलला होता. चौधरी साहेब निवृत्त होईपर्यंत त्याच खुर्चीत होते. सुमन तीन वर्षं तिथे राहिली आणि पास झाली. त्या तीन वर्षांत ती नानासाहेबांना जिन्यात भेटली की हात जोडत असे, आणि मला ते लायब्ररीच्या खिडकीतून दिसत असे.

नंतर मी नोकरी सोडली आणि दुसऱ्या शहरात गेले, पण कम्प्युटर सोडला नाही. तेव्हापासून एक सवय लागली. माझ्या हाताखाली काम करणारा कुणी सांगायला आला की मॅडम, नियम बरोबर लिहिलाय, तर मी म्हणते, लिहिलेलं राहू दे, मशीनला काय दिलंस ते दाखव. आणि मधली फाईल मी कुणाला पुसू देत नाही. डिस्क भरली तर भरली.